अठरा दिवस घर बंद ठेवून फिरायला जाताना वीज आणि इंधन नेमके कुठे वाचते?

वरूड तालुक्यातील एका गावातून एका भगिनींनी विचारले आहे की, मे महिन्यात त्यांचे पाच जणांचे कुटुंब १८ दिवसांसाठी स्वतःच्या पेट्रोल गाडीने कोकणात जाणार आहे. घरात फ्रिज, दोन कूलर, इन्व्हर्टर, टीव्ही आणि वाय-फाय आहे. जानेवारीत छतावर ३ किलोवॉटचे सोलर बसवले आहे. वावरात ५ एचपीचा पंप असून संत्र्याच्या आंबिया बहाराला (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या पिकाला) पाणी सुरू आहे. निघताना मेन स्विच पाडून जावे का, गेल्या वर्षी घर बंद असूनही बिल कमी का आले नाही आणि प्रवासातही ऊर्जा वाचावी म्हणून काय करावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी २६ वर्षांपासून याच पट्ट्यात घरांची वायरिंग आणि पंपांची जोडणी करतो. आपल्यासारखा प्रश्न दर एप्रिलमध्ये कोणी ना कोणी विचारतेच, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते की मेन पाडला म्हणजे काम झाले. आपल्या घरापुरते तरी हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे आधी सांगतो, कारण सगळ्यात मोठे नुकसान तिथेच होऊ शकते.

आपले सोलर ऑनग्रिड आहे, म्हणजे त्याला बॅटरी नाही आणि ते लाइनला जोडलेले आहे. अशा सोलरचा इन्व्हर्टर लाइनचे व्होल्टेज मिळत असेल तेव्हाच वीज तयार करतो. लाइन गेली की तोही काही क्षणांत स्वतःहून बंद होतो. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. आता आपल्याकडे सोलरची वायर घरातल्या मेन स्विचच्या आतल्या बाजूला जोडलेली असेल आणि आपण मेन पाडून गेलात, तर इन्व्हर्टरच्या दृष्टीने १८ दिवस लाइन गेलेलीच राहील आणि पॅनेल भर उन्हात नुसते तापत बसतील. आपल्या भागात १ किलोवॉटचे सोलर दिवसाला साधारण ४ युनिट देते. म्हणजे ३ किलोवॉटचे १२ युनिट होतात आणि १८ दिवसांचे २००च्या वर जातात. घरात कोणी नसताना ही जवळजवळ सगळी वीज नेट मीटरमधून (घेतलेली आणि दिलेली वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरमधून) लाइनला जाऊन आपल्या खात्यावर जमा व्हायची असते. घर बंद असलेला काळ हा सोलरच्या कमाईचा काळ आहे.

वायर कुठे जोडली आहे हे ओळखायला मिस्त्री बोलवण्याची गरज नाही. एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळी ११च्या सुमारास घरातला मेन पाडा आणि सोलर इन्व्हर्टरच्या डिस्प्लेकडे पाहा. तो पूर्वीसारखाच वॉट दाखवत राहिला, तर त्याची जोडणी मेनच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला आहे आणि आपल्याला मेन पाडून जाता येईल. तो बंद पडला किंवा लाइन नसल्याची खूण दाखवू लागला, तर मेन चालूच ठेवायचा आणि घरातील बाकीचे एमसीबी (पेटीतले वेगवेगळ्या भागांचे छोटे स्विच) एकेक करून खाली करायचे. परत मेन वर केल्यावर इन्व्हर्टर लगेच सुरू झाला नाही म्हणून घाबरू नका, लाइन स्थिर आहे याची खात्री करून घ्यायला तो काही मिनिटे घेतो. मात्र पॅनेलकडून येणाऱ्या डीसी वायरच्या स्विचला भर उन्हात हात लावू नका. डीसीचा प्रवाह चालू असताना तोडला तर ठिणगी लांब ओढली जाते.

निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, पहाटे पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने धुऊन घ्या. मे महिन्यात आपल्याकडे धुळीचा थर आठवडाभरात जमतो. दुपारी तापलेल्या काचेवर पाणी टाकू नये, काचेला तडा जाण्याचा धोका असतो. त्याच वेळी पॅनेलच्या कडांचे क्लॅम्प हाताने हलवून पाहा, कारण अवकाळीचे वादळ कधी येईल ते सांगता येत नाही आणि आपण घरी नसाल.

आता घरातील उपकरणांकडे वळू. १८ दिवस म्हणजे ४३२ तास, आणि एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. एखादी वस्तू सतत १० वॉट घेत असेल, तर तेवढ्या काळात तिचे ४.३ युनिट होतात. हा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचा हिशोब घरच्या घरी करता येतो. टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स १० वॉटच्या आसपास घेत राहतो. वाय-फायचा राउटरही तेवढेच घेतो, आणि डास मारण्याचे मशीन स्विचवर तसेच राहिले तर त्याचे २ युनिट होतात. देवघरातला जुना ‘झिरो’चा बल्ब नावाला झिरो असला तरी तो प्रत्यक्षात १५ वॉटचा असतो, म्हणजे रात्रंदिवस जळून त्याचे साडेसहा युनिट होतात. त्या जागी अर्ध्या वॉटचा एलईडी लावला तर देवापुढचा उजेडही राहील आणि १८ दिवसांत पाव युनिटही लागणार नाही. बॅटरीचा इन्व्हर्टर बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही १५ ते २० वॉट घेत राहतो, त्याचे साडेसहा ते साडेआठ युनिट धरा. ओसरीतला ९ वॉटचा दिवा दिवसरात्र चालू राहिला तर ४ युनिट, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रिजचे दिवसाला पाऊण ते एक, म्हणजे एकूण १४ ते १८ युनिट. सगळे मिळून घर ‘बंद’ असताना ४० ते ४८ युनिट खर्च होतात, आणि त्यांतला मोठा वाटा एकट्या फ्रिजचा असतो. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरची पुष्कळ लोकांना काळजी वाटते. त्याचे १८ दिवसांत एक दशांश युनिटही होत नाही. तो काढावा, पण वेगळ्या कारणासाठी, ते पुढे येईल.

फ्रिजबाबत माझा नियम असा आहे की आठवड्याच्या आत परतायचे असेल तर तो चालू ठेवावा, नॉब सर्वांत कमी थंडाव्यावर आणावा आणि रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात, म्हणजे लाइन गेली तरी आतला गारवा टिकतो. आपले १८ दिवस आहेत, म्हणून तो बंदच करा. आदल्या दिवशी सकाळी रिकामा करून बंद करावा, बर्फ पूर्ण वितळू द्यावा, मागच्या बाजूचा पाण्याचा ट्रे ओतून टाकावा, आतून कोरड्या फडक्याने पुसावे आणि दार पूर्ण मिटू नये म्हणून कडेला दुमडलेला टॉवेल अडकवून ठेवावा. दार मिटून गेलात तर आतल्या ओलीवर बुरशी धरते आणि तो वास महिनाभर जात नाही. घरात कोणाचे इन्सुलिन असेल तर ते शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवून जाणे हाच मार्ग आहे.

बॅटरीच्या इन्व्हर्टरबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण या एका चुकीत मी बॅटऱ्या वाया गेलेल्या पाहिल्या आहेत. मोर्शीकडच्या एका घरी मी स्वतः जोडणी करून दिली होती. उन्हाळ्यात ते सगळे तीन आठवडे गावाला गेले, जाताना मेन पाडला, पण इन्व्हर्टरचे बटण चालूच राहिले. मेन पडल्याबरोबर इन्व्हर्टरला वाटले की लाइन गेली, आणि त्याने देवघरातला झिरोचा बल्ब बॅटरीवर घेतला. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे नवी असताना १८०० वॉट-तास. १५ वॉटचा बल्ब आणि इन्व्हर्टरचे स्वतःचे तेवढेच धरले तर ती अडीच दिवसांत पूर्ण रिकामी होते. उरलेले अठरा-एकोणीस दिवस ती त्या रिकाम्या स्थितीत ४५ अंशांच्या घरात पडून राहिली, प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरला आणि नंतर कितीही चार्ज केली तरी ती अर्धा तासही टिकेना. बॅटरी दोनच वर्षांची होती. जोडणी करून देताना मी त्यांना ही गोष्ट सांगायला हवी होती, ती सांगितली नाही याची खंत मला आजही आहे, आणि तेव्हापासून मी इन्व्हर्टरच्या शेजारी भिंतीवर कागद चिकटवून येतो : ‘आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन बंद.’

आपण असे करा. निघण्याच्या दोन दिवस आधी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा, त्यानंतर ती पूर्ण चार्ज होऊ द्या, निघताना समोरचे बटण बंद करा आणि प्लग काढा. पूर्ण भरलेली बॅटरी महिनाभर सहज राहते. महिन्याहून जास्त काळ जायचे असेल तरच निगेटिव्हची वायर काढून ठेवावी.

कूलरचे विजेच्या दृष्टीने फारसे सांगण्यासारखे नाही, कारण तो बंदच राहणार. पण टाकीतले पाणी ओतून, तळ पुसून, बाजूच्या गवताच्या ताट्या उन्हात वाळवून ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणजे आपण परत येण्याआधीच घरात डास झालेले असतील. मोटर आणि पंप दोन्हींचे प्लग काढा.

प्लग काढण्याबद्दल मी इतका आग्रह का धरतो, याचे कारण बिलाहून मोठे आहे. मे महिन्याच्या वादळांत फांद्या पडून तारा तुटतात. डीपीवरचा (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल तुटला तर काही घरांत २३०च्या जागी ३००-४०० व्होल्ट येतात, आणि जे काही प्लगमध्ये असेल ते जळते. जवळ वीज पडली तरी तोच परिणाम होतो, आणि त्या वेळी नुसते बटण बंद असणे पुरेसे ठरत नाही. चार्जर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्सची छत्रीकडून येणारी वायर, राउटर, फ्रिज हे सगळे सॉकेटमधून बाहेर काढलेले असावे. राउटर कॅमेऱ्यासाठी चालू ठेवायचाच असेल तर तेवढाच ठेवा आणि त्याचा एमसीबी कोणता ते शेजाऱ्यांना दाखवून जा.

ओसरीतला दिवा चोराच्या भीतीने चालू ठेवतात. भर दुपारीही जळणारा दिवा घरात कोणी नाही हेच गावभर सांगत असतो. अंधार पडल्यावर आपोआप लागणारा आणि उजाडल्यावर विझणारा सेन्सरचा एलईडी बल्ब बसवा, किंवा शेजारच्या काकूंना संध्याकाळी लावायला सांगा.

आता गेल्या वर्षीच्या बिलाविषयी. आपल्या घराचा मीटर कुलूपबंद ओसरीच्या आत आहे असे आपण लिहिले आहे, आणि उत्तर बहुधा तिथेच आहे. रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला मीटर दिसला नाही तर मागच्या महिन्यांच्या सरासरीवर बिल निघते. पुढच्या खऱ्या रीडिंगला ते जुळवले जाते, पण तोवर जूनचा वापरही त्यात मिसळतो आणि बचत दिसेनाशी होते. शिवाय स्थिर आकार शून्य युनिटलाही लागतोच. या वेळी निघताना मीटरच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढा. नेट मीटरमध्ये आयात आणि निर्यात असे दोन वेगळे आकडे येतात, ते दोन्ही येईपर्यंत थांबा. परतल्यावर पुन्हा फोटो काढा. ग्राहकाला महावितरणच्या मोबाइल ॲपवरून स्वतःचे रीडिंग पाठवण्याचीही सोय आहे. मीटर बाहेरच्या भिंतीवर घेण्याचा अर्ज मात्र या वर्षी करूनच टाका.

घरचे ४५ युनिट आपण इतक्या काळजीने मोजले, त्याच मापाने आता वावराकडे पाहा. ५ एचपीचा पंप म्हणजे ३.७ किलोवॉट. आठ तासांच्या पाळीत तो ३०हून अधिक युनिट घेतो. गरज नसताना दीड दिवस चाललेला पंप घरातली अठरा दिवसांची सगळी काटकसर पुसून टाकतो. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत विजेची योजना आहे, म्हणून हा खर्च बिलात दिसत नाही, पण वीज आणि विहिरीतले पाणी दोन्ही जातातच, आणि वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात पाणी किती खोल गेले आहे हे आपल्याला मी सांगायला नको.

संत्र्याला आंबिया बहाराची फळे धरलेली असताना १८ दिवस पाणी तोडता येणार नाही, नाहीतर फळगळ होईल. तेव्हा पंप बंद ठेवा असे मी म्हणणार नाही. मात्र स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला असेल तर तो निघण्यापूर्वी काढा. ऑटोस्विचमुळे लाइन आली की कोणी वावरात असो-नसो, पंप सुरू होतो, आणि एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी उचलले की डीपीवर भार येऊन ती जळते. मग ऐन मे महिन्यात आठ-दहा दिवस साऱ्या शिवाराचे ओलीत थांबते. विहीर किंवा बोअर उपसली गेली आणि पंप कोरडा चालत राहिला, तर मोटर जळण्याचा खर्च वेगळा. सालदाराला (वर्षभर कामावर असलेल्या गड्याला) बटणाने चालू-बंद करायला सांगा, कोणत्या व्हॉल्व्हला किती तास ते कागदावर लिहून स्टार्टरच्या पेटीत लावा, आणि ड्रिपचा फिल्टर दर चौथ्या दिवशी धुवायला सांगा. चोंदलेल्या फिल्टरमुळे पंप तेवढाच चालतो आणि झाडाला पाणी कमी मिळते. झाडाच्या घेराखाली सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरून ठेवले तर ओल जास्त दिवस टिकते आणि पाण्याच्या पाळ्यांमधले अंतर वाढवता येते. हे काम जाण्यापूर्वीच्या आठवड्यात करून घेण्यासारखे आहे.

प्रवासाचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे, पण आकड्यांत तो पंपाच्याच पंक्तीत बसतो. १ लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. आपण अमरावतीकडून समृद्धी महामार्गाला लागाल. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी आहे आणि रस्ता इतका सरळ आहे की वेग वाढतो आहे हे कळतही नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेलात तर तो पावणेदोनपट होतो. माझ्या स्वतःच्या पेट्रोल गाडीला याच रस्त्यावर ताशी ८५च्या आसपास लिटरला १९ किलोमीटर मिळाले, आणि ११५ने चालवल्यावर १४. पाचशे किलोमीटरला हा फरक साडेनऊ लिटरचा, जाऊन-येऊन १९ लिटरचा होतो, म्हणजे ऊर्जेच्या हिशोबाने १७० युनिट. वेळ पाहिला तर एका बाजूला दीड तास जास्त लागतो. पाच जण असताना तो दीड तास मला तरी महाग वाटत नाही.

टायरची हवा पहाटे, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासा आणि दाराच्या चौकटीवर पूर्ण भारासाठी लिहिलेल्या आकड्याएवढी भरा. उन्हाळा आहे म्हणून हवा कमी ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती धोक्याची आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, पेट्रोल जास्त खातो, आणि त्या काँक्रीटवर तो फुटण्याची भीती वाढते. छतावरचे कॅरियर शक्य तर काढूनच ठेवा आणि सामान आत बसेल एवढेच घ्या. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून गरम हवा जाऊ द्या आणि मग एसी लावा. महामार्गाच्या वेगात मात्र काचा बंद करून एसी चालवणेच बरे, उघड्या काचांनी हवेचा विरोध वाढतो. आपली तारीख लवचीक असेल आणि बडनेऱ्याहून रेल्वेचे आरक्षण मिळत असेल, तर माणशी ऊर्जेच्या दृष्टीने तो पर्याय गाडीहून चांगला आहे, एवढेही नोंदवून ठेवतो.

कोकणात उतरल्यावर आपल्याला कूलरची आठवण येईल, पण तिथल्या दमट हवेत पाणी वाफ होऊन उडत नाही, म्हणून कूलर काम करत नाही. एसी लावावा लागला तर २६ अंशांवर ठेवून पंखा सोबत चालवा. तापमान एक अंशाने वाढवले की विजेत सुमारे ६ टक्के बचत होते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे मोजमाप आहे. बाहेर जाताना खोलीतील सगळे बंद करा, मग बिल हॉटेलच्या नावावर असो. मे महिन्यात तिथे गिझरची गरज पडत नाही.

परत आल्यावर घाई करू नका. आधी एकाच दिव्याचा एमसीबी वर करून तो दिवा नेहमीसारखा जळतो का पाहा, फार प्रखर किंवा मंद वाटला तर बाकीचे काही न लावता वायरमन बोलवा. सगळे ठीक असेल तर फ्रिजचे दार मिटून तो आधी सुरू करा, बॅटरीचा इन्व्हर्टर लावा, मग बाकीचे एमसीबी एकेक करून वर करा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल निघून जाते, म्हणून कूलर लावण्यापूर्वी त्या खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता. कूलरची टाकी प्लग बाहेर असतानाच भरा, हात कोरडे करा, पायांत चप्पल असू द्या, आणि प्लग लावल्यावर टेस्टर पत्र्याला लावून पाहिल्याशिवाय मुलांना कूलरजवळ जाऊ देऊ नका.